पाचवा खिळा

आत्या : म्हणजे हिशेब असा. सही केली की पेन्शन पूर्ण. धावफलकाच्या फळ्यामागची खोली मरेपर्यंत. आणि वर मधल्या रांगेतल्या दोन खुर्च्या, कायमच्या फुकट. बरोबर ना गं?

भाची : बरोबर. मालकांनी स्वतः सांगितलंय.

आत्या : आणि नाही केली तर?

भाची : मोसम संपला की निवृत्ती. पेन्शन निम्मी. खोली महिन्याभरात रिकामी.

आत्या : एका सहीला एवढं! मी लग्नाच्या कागदावर सही केली तेव्हा मला शिलाई मशीन मिळालं होतं, तेही सासूचं जुनं. फळेकाका, ऐकताय ना? तुमचा भाव वधारलाय.

फळेकाका : दोन खुर्च्या कशाला? मी एकटाच असतो.

आत्या : एकीवर बसा, दुसरीवर पाय टाका. एकतीस वर्षं त्या पत्र्याच्या खोक्यात उभे राहून आकडे लावलेत, पायांचाही काही हक्क आहे की नाही?

भाची : आत्या, थट्टा नंतर कर. बारा वाजून गेलेत. दोनला सामना सुरू होईल. रंग कंपनीचे साहेब येणार आहेत, त्याआधी हा कागद मला मालकांच्या टेबलावर ठेवायचाय. काका, इथे, खाली. पेन देऊ?

फळेकाका : आधी वाच. चष्मा वर राहिलाय.

भाची : "मी, या बेसबॉल क्लबच्या धावफलकावर एकतीस वर्षं नोकरी करणारा, लिहून देतो की तीन वर्षांपूर्वी मोसमाच्या शेवटच्या सामन्यात प्रेक्षकसंख्येचा दहा हजार दोनशे चाळीस हा आकडा माझ्याकडून नजरचुकीने लागला. कार्यालयाने कळवलेला आकडा निराळा होता. झाल्या चुकीची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे."

आत्या : "सर्वस्वी." हा शब्द कुणाचा?

भाची : वकिलांचा असेल.

आत्या : वकील "सर्वस्वी" लिहीत नाहीत, "संपूर्णपणे" लिहितात. "सर्वस्वी" तू दहावीच्या निबंधात सात वेळा लिहिलं होतंस. मी मोजलं होतं.

भाची : तू काय काय मोजतेस गं?

आत्या : चौतीस वर्षं तिकीट खिडकीत बसलेय. न मोजता मला झोप येत नाही.

फळेकाका : हे सगळं कालच्या सिनेमामुळे?

भाची : सिनेमामुळेच. नाहीतर तीन वर्षांपूर्वीचा एक आकडा कुणाच्या लक्षात होता? मालकांनीच हौसेने आपलं मैदान शूटिंगला दिलं. भाडं घेतलं, मुख्य नटाबरोबर फोटो काढून घेतला, काल आपल्या सगळ्या स्टाफला पहिल्या खेळाला नेलं. आणि मध्यंतराआधीच घामाघूम झाले.

आत्या : मी मालकांच्या मागच्या रांगेत होते. पहिली दहा मिनिटं सगळ्यांत मोठ्यांदा तेच हसत होते. तो सिनेमातला मालक दिसला ना, सामना चालू असताना मैदानाकडे पाठ करून बसलेला, मागच्या खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या मोजणारा, तेव्हा आपले मालक म्हणाले, "काय नमुना आहे!"

भाची : हो, ऐकलं मी.

आत्या : मग त्या नमुन्याने चेंडू फेकणारा भरवशाचा पोरगा दुसऱ्या क्लबला देऊन त्याच्या बदल्यात एक चालू स्थितीतली बस घेतली. तेव्हा आपले मालक जरा कमी हसले. आपण तर दोघं देऊन एक बस घेतली होती, आणि तिचाही गिअर अडकायचा. मग तो म्हणतो, "खेळाडू दमतो, म्हातारा होतो, पगार मागतो. जाहिरातीच्या पाटीला यातलं काही होत नाही. पाटी विका." आणि कुंपणाची, खुर्च्यांच्या पाठींची, चेंडू अडवणाऱ्या जाळीची, अगदी पंचाच्या पाठीचीसुद्धा जागा विकतो. तेव्हा आपले मालक हसायचे थांबले.

फळेकाका : पंचाची पाठ आपण विकली नाही अजून.

भाची : मार्चमध्ये बोलणी झाली होती.

आत्या : घ्या! मला तर हसता हसता धसकाच बसला. वाटलं, ही कोण माणसं, कधी आली, कुठून शिरली? आपल्या घराची एक भिंत काढून घेतल्यासारखं. आपण आत कोण कुणाच्या ताटातलं उचलतोय ते अख्खं थिएटर बघतंय, आणि त्यांना ती गंमत वाटतेय. आपण चौतीस वर्षं तेच बघितलं आणि आपल्याला तो धंदा वाटला.

भाची : आणि मग तो खिळ्याचा सीन आला.

आत्या : बाई गं, तो खिळ्याचा सीन! शेजारची बाई खुर्चीतून घसरली.

फळेकाका : मी नाही हसलो.

आत्या : तुम्ही कसे हसाल? तुमचीच तर गोष्ट होती. फळ्यावर प्रेक्षकांच्या आकड्यासाठी चारच खिळे. मैदानात खुर्च्या नऊ हजार सहाशे, त्यामुळे पाचवा कधी लागलाच नाही. आणि ऑफिसातून फोन येतो, दहा हजार दोनशे चाळीस! तो सिनेमातला म्हातारा म्हणतो, "साहेब, पाचवा खिळा नाही." पलीकडून उत्तर, "मग ठोक." आणि तो हातोडी घेऊन भर सामन्यात फळ्याबाहेर लोंबकळतो. खाली फलंदाज थांबलेला, पंच थांबलेला, सगळं मैदान वर बघतंय, ठक, ठक, ठक...

फळेकाका : माझ्या वेळी कुणी थांबलं नव्हतं. कुणी बघितलंही नाही. गारठा होता. जेमतेम अकराशे माणसं, तीही छपराखाली.

आत्या : एक हजार चौऱ्याऐंशी.

फळेकाका : तेच. आणि "साहेब" नव्हतो म्हणालो मी.

आत्या : मग काय म्हणाला होता?

फळेकाका : राहू दे ते.

भाची : काका, प्लीज. रंग कंपनीचे साहेब सिनेमा बघून रात्रीच मालकांना फोन करून बसलेत. "तुमच्या मैदानात खुर्च्या नऊ हजार सहाशे, मग त्या दिवशी तुम्ही आम्हाला दहा हजार दोनशे चाळीस डोकी कशी लावलीत?" कुंपणावर त्यांच्या रंगाच्या पाट्या आहेत. करार असा की मोसमाची सरासरी सात हजार गेली, तर बक्षीस म्हणून जादा रक्कम. त्या वर्षी ती मिळाली. आता ते म्हणताहेत, जुनी सगळी दप्तरं काढा. तुमची ही एक सही असली की चूक एका दिवसाची, एका माणसाची. प्रकरण तिथेच मिटतं.

आत्या : आणि एका माणसाची असली की स्वस्तात पडते. दोन खुर्च्या आणि एक खोली.

भाची : आत्या, काकांचं यात भलंच आहे. निम्म्या पेन्शनीत ते कुठे राहणार? सांग ना. खोली बघायला तू जाणार आहेस?

आत्या : ते मात्र खरं. फळेकाका, थट्टा बाजूला. तुम्हाला ना पुढे कोणी ना मागे कोणी. अभिमानाने भाडं भरता येत नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही पेन उचललं असतं. शपथेवर सांगते.

फळेकाका : बाई, एक विचारू? तुम्ही सामना चालू असताना समोरून फळा बघितलाय?

आत्या : म्हणजे काय! खिडकी बंद केली की मागच्या दारात उभी राहते की रोज. समोरच तर दिसतो.

फळेकाका : मी नव्हता बघितला. कालपर्यंत.

भाची : असं कसं काका? एकतीस वर्षं...

फळेकाका : आत असतो ना मी. आकड्याचा पत्रा बाहेरच्या खिळ्यावर अडकवायचा, तो हूक लावलेल्या काठीने, आतून. मला त्याची पाठ दिसते. सगळे पत्रे पाठीमागून सारखेच, गंजलेले. मैदान बघायला एक भोक आहे, वहीएवढं. त्यातून खेळाडू दिसतात. धाव झाली की मी पत्रा बदलतो. सामना संपल्यावर खाली उतरतो, तोवर दिवे गेलेले, लोक गेलेले. नुसता हिरवा पत्रा उभा.

आत्या : हे मला कधी सुचलंच नाही.

फळेकाका : काल सिनेमात बघितला. हसायच्या सीनमध्ये नाही. त्याआधी एक आहे, तुमच्या लक्षात नसेल. त्यांनी आपल्या खऱ्या सामन्याच्या दिवशी लांबून काढलेला. तो पोरगा चेंडू असा उंच मारतो. सगळे उभे. चेंडू कुंपणापलीकडे जातो. आणि मग... अख्खं मैदान मान वळवतं. एकदम. जसं वाऱ्याने शेत वळावं तसं. कुणीच चेंडूकडे बघत नाही. फळ्याकडे बघतात. आणि फळ्यावर चारचा पाच होतो. आपोआप! हात नाही, माणूस नाही. चार नाहीसा होतो, क्षणभर काळं चौकोनी भोक, आणि पाच येतो. मग ओरडतात. तोवर नाही. पाच येईपर्यंत कुणी ओरडलं नाही.

आत्या : तो सीन मला आठवतच नाही.

फळेकाका : आतमध्ये मला आरडाओरडा ऐकू यायचा. मला वाटायचं, चेंडू गेला म्हणून ओरडताहेत. तसं नव्हतं. ते थांबायचे. माझ्यासाठी थांबायचे. मी पत्रा लावेपर्यंत ती धाव झालेलीच नसायची त्यांच्यापुरती.

भाची : काका...

फळेकाका : घरी गेलो. बसून राहिलो. एकतीस वर्षं, बाई. पाऊस, ऊन, ताप. एकदा बोट चेमटलं होतं, तरी रक्ताच्या हाताने पत्रा लावला. धावेचा एक आकडा चुकलेला नाही. मला वाटायचं, काम आहे, चोख करावं. एवढंच. पलीकडे काय होतंय ते ठाऊकच नव्हतं.

आत्या : देवळातल्या पुजाऱ्याला गाभाऱ्यातून बाहेरची गर्दी दिसत नाही, तसं झालं की हो हे.

फळेकाका : म्हणून सही नाही करता येणार.

भाची : पण धावांचा प्रश्नच नाही काका! प्रेक्षकांचा आकडा तो. कोपऱ्यातला. त्याकडे कोण बघतं?

फळेकाका : फळा एकच आहे. एक आकडा नजरचुकीने लागला असं मीच लिहून दिलं, तर उद्या कुणीही म्हणेल, अमक्या साली तुम्ही अंतिम सामना तीन-दोनने जिंकलात, तो तीनही नजरचुकीचाच असेल. काय सांगू त्याला? आणि दुसरं म्हणजे, पोरी, चुकून पत्रा लागतो. चुकून खिळा ठोकला जात नाही. त्याला शिडी लागते.

आत्या : हे अगदी खरं! तुझ्या त्या "नजरचुकी"त शिडी कुठे बसते गं? आणि मला एक सांग. सिनेमावाल्यांना हा खिळा कळला कसा? तेव्हा तर कुणी बघितलंही नव्हतं.

भाची : मला काय ठाऊक?

आत्या : मालक सकाळपासून हेच विचारत फिरताहेत, कोण बोललं म्हणून. मला विचारलं, झाडूवाल्याला विचारलं. तुला विचारलं?

भाची : त्यांना वाटतं काकांनीच सांगितलं असेल.

आत्या : तुला विचारलं का, हे विचारतेय मी.

भाची : नाही.

आत्या : इकडे बघ. लहानपणी तू माझ्या पर्समधून सुटे पैसे घेतलेस ना, की डावा कान चोळायचीस.

भाची : सिनेमाच्या त्या लेखकानेच विचारलं मला. शूटिंगच्या वेळी. फळ्याखाली उभा राहून म्हणाला, "हे चार खिळे एका ओळीत, एका मापाचे. हा पाचवा वेगळा का? वाकडा का?" चहाची वेळ होती, सगळे हसत-खिदळत होते. मला वाटलं, आपल्यालाही एक मजेदार गोष्ट सांगता येते. मी सांगितली. तो एवढा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार बरं वाटलं गं. मग मी उरलेलंही सांगितलं. गाड्यांचं, बसचं, पंचाच्या पाठीचं.

आत्या : म्हणजे अख्खा सिनेमा तूच सांगितलास! नाव तरी घातलं का तुझं?

भाची : आभारात आहे. "क्लबचे मित्र" म्हणून.

आत्या : आणि त्या दिवशी फोनवर "ठोक" म्हणणारी व्यक्ती कोण, तेही सांगितलंस का त्याला?

भाची : ते नाही सांगितलं.

फळेकाका : बाई, सोडा.

आत्या : तुम्हाला ठाऊक होतं?

फळेकाका : आवाज तिचा होता. नवी लागली होती. मी म्हणालो, "बाळ, पाचवा खिळा नाही." ती म्हणाली, "मग ठोका ना काका, प्लीज." म्हणून म्हटलं, "साहेब" नव्हतो म्हणालो मी.

आत्या : तीन वर्षं बोलला नाहीत!

फळेकाका : कुणी विचारलं नाही.

भाची : मालक म्हणाले होते, काहीही कर, सरासरी सात हजार बसव. चाळीस सामने, म्हणजे एकूण दोन लाख ऐंशी हजार हवेत. एकोणचाळीस सामन्यांचे आपण दाखवलेले होते दोन लाख एकोणसत्तर हजार सातशे साठ. वजा केलं. दहा हजार दोनशे चाळीस. तीनदा तपासलं, आत्या. वजाबाकी अगदी बरोबर होती.

आत्या : आणि खुर्च्या?

भाची : खुर्च्या मोजायच्या राहिल्या.

आत्या : हरे राम! एवढी शिकलेली पोर. मैदान किती मोठं आहे ते सोडून सगळं मोजलंस. मला तरी विचारायचं नाही का?

भाची : मी तेव्हा महिन्याभराची नवी होते. काकांनी "खिळा नाही" म्हटल्यावरसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही, खिळा का नाही ते. मला वाटलं, सामानाची टंचाई.

आत्या : आणि आता तो खिळा या म्हाताऱ्याच्या नावावर. "सर्वस्वी."

भाची : माझ्या घराचा हप्ता आहे आत्या. अजून अठरा वर्षं. काकांना सगळं मिळतंय, माझंही वाचतंय, कुणाचं काही जात नाही, असं वाटलं मला. खरंच वाटलं.

फळेकाका : दीड वाजत आला. वर जायला हवं. पत्रे पुसायचेत.

भाची : काका, मग मालकांना काय सांगू?

फळेकाका : सांग, कागद बदला. लिहा की, "ऑफिसातून सांगितला तो आकडा मी लावला." मी इथे उभ्याने सही करतो. आजही सातव्या डावात प्रेक्षकांच्या आकड्यासाठी फोन येईलच. सांगशील तो लावीन. कधी नाही म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. फक्त आज ऑफिसातून करू नकोस फोन.

भाची : मग?

फळेकाका : आत्याच्या मागच्या दारातून कर. फळा दिसतो तिथून, म्हणतात.

(सातवा डाव. तिकीट खिडकीच्या मागचं दार उघडं आहे. बोलणं खोलीतल्या दोघींचं, आणि फळ्याच्या आत फोन धरून बसलेल्या काकांचं.)

आत्या : सरक जरा. तराजू ठेवू दे.

भाची : हा तुझ्या स्वयंपाकघरातला?

आत्या : मग काय सोनाराकडून आणू? फाटलेल्या तिकिटांचे तुकडे हजार झाले की भरतात साडेतीनशे ग्रॅम. पहिल्या वर्षी एकेक मोजून बघितले, मग कशाला बोटं झिजवायची? बघ. सातशे एकेचाळीस. म्हणजे दोन हजार एकशे सतरा. आणि एक वाढव.

भाची : का?

आत्या : एका आजोबांनी तिकीट फाडू दिलं नाही. म्हणाले, नात पहिल्यांदाच आलीय, तिचं तिकीट अख्खं ठेवायचंय. तो तुकडा या ढिगात नाही. दोन हजार एकशे अठरा.

भाची : मालकांनी चिठ्ठी दिलीय. आठ हजार सातशे.

आत्या : ते कुठे आहेत?

भाची : वर, काचेच्या खोलीत. रंगवाले साहेब शेजारी. मालक मागच्या खिडकीतून गाड्यांकडे बघताहेत.

आत्या : सवय. तू केला नाहीस म्हणून काकांनीच फोन केलाय, घे.

फळेकाका : सातवा डाव निम्मा झाला. आकडा?

भाची : काका, मी... एक मिनिट द्या.

फळेकाका : सावकाश. पत्रे सगळे काढून ठेवलेत, शून्यापासून नवापर्यंत. कुठलाही सांग.

भाची : आत्या, तू सांग ना काय करू.

आत्या : मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढे हप्ता थकला की म्हणशील, आत्याने बुडवलं. मी फक्त वजन सांगितलं.

भाची : तिकडे बघ. तो फळा. मी रोज बघते, पण... काका म्हणाले ते आत्ता दिसतंय. आपल्या पोराने चेंडू हुकवला आणि बघ, सगळ्यांनी मान वळवली. विश्वास बसायला फळा लागतो त्यांना. समोर घडलेलं पुरत नाही.

आत्या : माणसाचं तसंच असतं बाळा. लग्नात सुद्धा अंगठी घातली तरी फोटो आल्यावरच पटतं.

फळेकाका : पोरी, आहेस ना?

भाची : आहे. काका, लिहून घ्या. दोन.

फळेकाका : दोन.

भाची : एक. एक. आठ.

फळेकाका : पुढे?

भाची : पुढे काही नाही. एवढाच. दोन हजार एकशे अठरा.

फळेकाका : परत एकदा सांग. म्हणजे माझ्याकडून नजरचूक नको.

भाची : दोन हजार एकशे अठरा. ऑफिसातून सांगितलेला आकडा. मी सांगितलेला.

फळेकाका : लावतो.

आत्या : कान नाही चोळलास.

भाची : एका हातात फोन, दुसऱ्यात चिठ्ठी, चोळू कसा?

आत्या : आला बघ पहिला पत्रा. दोन. आपोआप! अगं, खरंच की, काळं भोक पडतं आणि मग येतो. चौतीस वर्षं बघून मी कधी बघितलंच नाही.

फळेकाका : लागले चारही. काय झालं? बघताहेत का कुणी?

भाची : अजून नाही. एकजण बघतोय. टोपीवाला. शेजारच्याला कोपर मारलं त्याने.

फळेकाका : हसताहेत?

भाची : नाही. तो शेजारचा मागच्याला सांगतोय. आता ती सगळी रांग वळली. काका, पलीकडची बाजूही वळली. सगळे बघताहेत. खेळ चालू आहे आणि कुणाचं तिकडे लक्षच नाही.

फळेकाका : ओरडत नाहीत. मला इथे काहीच ऐकू येत नाहीये. चिडलेत का?

आत्या : दे तो फोन इकडे. फळेकाका, चिडलेत कसले! मोजताहेत.

फळेकाका : काय मोजताहेत?

आत्या : एकमेकांना! उभे राहून, बोटं करून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अहो, इतकी वर्षं त्यांना वर आठ हजार दिसायचे आणि आजूबाजूला रिकाम्या खुर्च्या. प्रत्येकाला वाटत असणार, बाकीचे कुठेतरी दुसरीकडे बसलेत. आज पहिल्यांदा कळलं की आपण म्हणजे हेच, एवढेच. ते तिकिटाचे आजोबा, त्यांनी नातीला खांद्यावर घेतलंय. ती पोरही मोजतेय.

भाची : आत्या, वरच्या पायऱ्यांकडे बघ.

आत्या : अगं बाई! फळेकाका, वरचे लोक खाली यायला लागले. सुट्टे सुट्टे बसलेले सगळे. पिशव्या उचलून, रिकाम्या रांगा ओलांडून मधल्या भागात येताहेत. जागा करून देताहेत एकमेकांना. गच्च बसलेत हो! तो मधला भाग तुडुंब भरला. मी आयुष्यात तो भरलेला बघितला नव्हता.

फळेकाका : हरतोय ना आपण?

आत्या : सहा-एकने. आणि कामाचा वार आहे. काय माणसं असतात बघा! कुणी बोलावलं नाही, कुणी पैसे दिले नाहीत, त्या सिनेमावाल्यांनी गर्दीत बसायला दिवसाची मजुरी तरी दिली होती. हे स्वतःच्या खिशातले घालून हरणं बघायला येतात. मी रोज त्यांच्या हातातले पैसे घेते. कधी वर मान करून बघितलं नाही.

फळेकाका : आता ऐकू येतंय.

आत्या : टाळ्या आहेत त्या.

फळेकाका : चेंडू कुणी मारला?

आत्या : कुणीच नाही. खेळ थांबलाय. आपलीच पोरं मैदानात उभी राहून लोकांकडे बघताहेत. पंचसुद्धा.

फळेकाका : मग टाळ्या कशाला?

आत्या : तुमच्या आकड्याला, बहुतेक.

फळेकाका : भोकातून एवढं दिसत नाही. बरं. सांगितलंत ते बरं झालं.

भाची : मालक उठले आत्या. काचेजवळ आलेत. चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात माझ्या हातात आहे. आणि साहेब बघ, आधी फळ्याकडे बघितलं, मग मधल्या भागाकडे, मग मालकांकडे. जिन्याकडे निघाले दोघं.

आत्या : येऊ देत. इकडेच येतील. तू खुर्चीवर बस.

भाची : माझी नोकरी गेली.

आत्या : गेली. हप्ता अठरा वर्षांचा आहे, पहिले तीन महिने मी बघते. पुढे तुझी वजाबाकी तुला कुठेतरी पोट भरून देईल. फक्त खुर्च्या मोजत जा.

भाची : आणि काकांची खोली?

फळेकाका : खोलीचं काही नाही. तिथून फळा दिसतच नव्हता.

आत्या : माझ्या माडीवर एक खोली आहे. भाडं घेईन, फुकट देणार नाही, आधीच सांगते. मालकांचं म्हणाल तर रंगवाल्यांची जादा रक्कम परत करावी लागेल, आणि पाट्या उतरतील त्या वेगळ्या. सिनेमावाल्यांचं काहीच गेलं नाही, त्यांचा खेळ अजून महिनाभर फुल आहे.

फळेकाका : बाई, तो पाचवा खिळा काढू का आता? पक्कड आहे हाताशी.

आत्या : राहू द्या. तो नसता तर कुणी विचारलंच नसतं.

भाची : म्हणजे शेवटी नुकसान भरलं ते आपण तिघांनीच.

आत्या : छे गं. वर बघ, लिहिलंय की. पैसे भरणारे दोन हजार एकशे अठरा. आपण तिघं त्यात नाही. आपण फुकटात बघितलं.